साठ फूट

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी साडेसहाला मी ओल्या मातीत गुडघे टेकून बसलेली असते. होम प्लेटच्या, म्हणजे बॅट घेऊन जिथे उभं राहतात त्या पाटीच्या, मागच्या टोकावर मोजपट्टीचा शून्य दाबून धरायचा, हे गेली सहा वर्षं माझं काम. पट्टीचं रीळ घेऊन न्यू जर्सीतल्या आमच्या मुलांच्या बेसबॉल लीगचे सगळ्यात जुने स्वयंसेवक पुढे चालत जातात. त्यांची पंचाहत्तरी उलटली आहे. मुलं त्यांना कोच म्हणतात, मी मनातल्या मनात आजोबा म्हणते. होम आणि तीन बेस हे धावायच्या चौकोनाचे चार कोपरे, आणि ते आधी त्याचा कर्ण घेतात. होमपासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत ८४ फूट १० इंच आणि वर पाव इंच. तिथे खुंटी. मग दोन्हीकडून ६० फूट मोजायचे, आणि ती दोन मापं जिथे एकमेकांना छेदतात तिथे पहिला बेस. दुसऱ्या बाजूला तसाच तिसरा. काटकोन आपोआप साधतो. गवंड्याचा गुण्या जमिनीवर उतरवावा, तसं.

मध्येच ते थांबतात, मागे वळून न बघताच म्हणतात, “शून्य हललाय.” आणि तो खरंच हललेला असतो.

खुंट्या झाल्या की फक्की. दोन चाकांची गाडी असते, खाली फट असते, ढकलत गेलं की पांढरी रेघ पडत जाते. इथली फक्की म्हणजे संगमरवराची भुकटी. चुना डोळ्यांत गेला तर भाजतो, म्हणून मुलांच्या मैदानावर तो वापरत नाहीत. आमच्या जळगावच्या शाळेत चुनाच होता. घमेल्यात कालवलेला नाही, कोरडा, आणि तो मुठीने सोडत जायचा. पीटीचे सर सुतळीला गाठी मारून आणायचे आणि दोन मुलींना दोन टोकं धरायला लावायचे. आम्ही सॉफ्टबॉल खेळायचो. खानदेशातल्या कितीतरी शाळकरी मुलींच्या पायांनी तो चौकोन ओळखीचा करून घेतलाय.

न्यू जर्सीत लेकीला पहिल्यांदा बेसबॉलच्या मैदानावर सोडलं, तेव्हा ती सात वर्षांची होती. सराव संपल्यावर मैदान रिकामं झालं होतं. मी सहज होमपासून पहिल्या बेसकडे धावले. कुणी बघत नव्हतं. बेसवर पाय पडला तो नेमक्या पावलाला, जसा पंचवीस वर्षांपूर्वी पडायचा तसा. घरी येऊन शोधलं. सॉफ्टबॉललाही बेसमधलं अंतर ६० फूट. मोठ्यांच्या बेसबॉलला ९०, आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना ६०. हा आकडा नुसताच ठरत नाही. कुणीतरी कधीतरी एखाद्या मुलाला धावताना नीट बघितलं असणार, हे त्या संध्याकाळी माझ्या मनात बसलं ते निघालंच नाही.

तो बघणारा माणूस म्हणजे कार्ल स्टॉट्झ. पेन्सिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टचा. १९३८ सालच्या उन्हाळ्यात तो आपल्या दोन लहान भाच्यांबरोबर घराच्या अंगणात चेंडू फेकत होता. चेंडू पकडायला मागे सरला आणि छाटलेल्या लायलॅकच्या झुडपाच्या खुंटांवर पाय पडून घोटा खरचटला. पायरीवर बसून पाय चोळता चोळता त्याने भाच्यांना विचारलं की तुम्हाला खऱ्या संघात, खऱ्या गणवेशात, खऱ्या पंचांसमोर खेळायला आवडेल का? मुलं काय नाही म्हणणार? पण मला या गोष्टीत त्या पायरीपेक्षा त्यानंतरचे दिवस महत्त्वाचे वाटतात. स्टॉट्झने गल्लीतली पोरं गोळा केली आणि त्यांना पार्क पॉइंट नावाच्या मोकळ्या जागेवर नेलं. बेस म्हणून वर्तमानपत्रं पसरली. एक पोरगा धावणार, दुसरा तिसऱ्या बेसवरून पहिल्याकडे चेंडू फेकणार. चेंडू आधी की पाय आधी? अंतर जास्त वाटलं तर वर्तमानपत्र अलीकडे, कमी वाटलं तर पलीकडे. धावणाऱ्यालाही संधी हवी आणि फेकणाऱ्यालाही. असं सरकवत सरकवत तो ६० फुटांवर येऊन थांबला.

मोठ्यांच्या मैदानावर लहान मुलाचा चेंडू वाटेतच टप्पा घेतो. फेकणाऱ्याच्या खांद्यात चूक नसते, तरी त्याला वाटतं आपल्याला जमत नाही. स्टॉट्झने मुलाला मैदानाजोगं करायचा प्रयत्न केला नाही, मैदान कापून मुलाच्या मापाचं केलं. शिंप्याने करावं तसं.

पैसे मात्र कुणी देईना. ५६ ठिकाणी नकार आला, असं सांगतात, आणि सत्तावन्नाव्या दारात लायकॉमिंग डेअरीने ३० डॉलर दिले. तेवढ्यात तीन संघांचे गणवेश झाले. दुधाचा एक संघ, लंडी लंबर हा लाकडाचा, आणि जंबो प्रेट्झेल हा खाऱ्या बिस्किटांचा. जॉर्ज आणि बर्ट बेबल हे दोघे स्टॉट्झचे सोबती, तिघांनी एकेक संघ सांभाळला. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. लंडी लंबरने लायकॉमिंग डेअरीला २३-८ असं हरवलं. मोसमाच्या शेवटी मात्र विजेतेपद डेअरीकडे गेलं. यालाच पुढे लिटल लीग म्हणू लागले.

लाकडाचा संघ असणं हा काही योगायोग नव्हे. एकोणिसाव्या शतकात विल्यम्सपोर्टला जगाची लाकूड-राजधानी म्हणत. सस्केहाना नदीत ओंडके अडवायला मोठा अडसर बांधला होता. वरच्या डोंगरांतली झाडं तोडून नदीत सोडायची आणि इथे पकडून कापायची. फोर्थ स्ट्रीटवर लाकडातून श्रीमंत झालेल्यांचे वाडे ओळीने उभे राहिले, ती गल्ली आजही लक्षाधीशांची गल्ली म्हणून दाखवतात. मग जंगल संपलं. १८८९ च्या पुराने तो अडसरही फोडला. स्टॉट्झने वर्तमानपत्रं अंथरली तेव्हा आधीच्या दहा वर्षांत या गावाने मंदी पाहिली होती आणि १९३६ चा मोठा पूरही. त्या काळी ३० डॉलर काढून देणाऱ्या डेअरीबद्दल मला फार आदर वाटतो. आणि नाही म्हणणाऱ्या छप्पन्न जणांवर रागावावंसं वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही विल्यम्सपोर्टला गेलो. लेक अकरा वर्षांची होती. तिला नदीपलीकडचं मोठं स्टेडियम बघायचं होतं, टीव्हीवर दिसतं ते. मला आधी अलीकडचं बघायचं होतं. वेस्ट फोर्थ स्ट्रीटवर बोमन फील्ड नावाचं १९२६ सालचं जुनं मैदान आहे, व्यावसायिक संघांचं, आणि त्याच्या समोर रस्त्यापलीकडे हे छोटंसं मैदान. १९४२ पासून लीगचे सामने इथे व्हायला लागले. आता त्याला स्टॉट्झचं नाव आहे. मैदान इतकं लहान दिसतं की बाहेरून जाणाऱ्याला शाळेचं वाटावं.

लेक कुंपणाला नाक लावून उभी राहिली. म्हणाली, “आई, हे तर आपल्यासारखंच आहे.”

आपल्यासारखंच होतं. १९४७ मध्ये इथे पहिली मोठी स्पर्धा झाली. आलेले जवळजवळ सगळे संघ पेन्सिल्व्हेनियाचेच, बाहेरचा एकच, तो न्यू जर्सीतल्या हॅमंटनचा. तेच हॅमंटन, जिथे आम्ही दर जूनमध्ये ब्लूबेरी तोडायला जातो. विल्यम्सपोर्टच्याच मेनार्ड मिजेट्स संघाने अंतिम सामन्यात लॉक हेवनला १६-७ ने हरवलं. पुढच्या वर्षी टायर आणि रबराच्या एका बड्या कंपनीने पाठबळ दिलं आणि लीग देशभर, मग देशाबाहेर पसरत गेली. ज्याने वर्तमानपत्र इकडचं तिकडे सरकवून माप काढलं, त्याला आता कार्यालय, संचालक मंडळ आणि कंपनीचे अधिकारी यांच्याबरोबर बसावं लागत होतं. त्याला ते मानवलं नाही. खेळ मुलांचा राहिला नाही, असं त्याला वाटू लागलं. १९५५ मध्ये वाद कोर्टात गेला. शेवटी तडजोड झाली आणि आपणच सुरू केलेल्या संस्थेतून स्टॉट्झ बाहेर पडला.

त्याच १९५५ सालची दुसरी एक गोष्ट मला या कुंपणाशी उभी असताना आठवत होती. लेकीला ती मी गाडीत सांगितली होती, तेव्हापासून ती गप्प होती. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये कॅनन स्ट्रीट वायएमसीएच्या कृष्णवर्णीय मुलांचा एक संघ होता. राज्याच्या स्पर्धेत त्यांनी नाव दिलं, आणि राज्यातल्या सगळ्या म्हणजे ६१ गोऱ्या लीगनी माघार घेतली. या मुलांच्या विरुद्ध खेळायचंच नाही म्हणून. मुख्यालयाने गोऱ्यांसाठी वेगळी स्पर्धा भरवायला नकार दिला, हे खरं. पण नियम असा की पुढे जायचं तर मैदानावर सामना जिंकून जायला हवं. ज्यांच्याशी कुणी खेळलंच नाही, त्यांनी जिंकायचं कसं? तेव्हा त्यांना पाहुणे म्हणून विल्यम्सपोर्टला बोलावलं. बसने एवढा लांबचा प्रवास करून अकरा-बारा वर्षांची मुलं आली. त्यांना मैदानावर थोडा वेळ चेंडू फेकू दिले. मग प्रेक्षकांत बसवलं. लोक ओरडायला लागले, “त्यांना खेळू द्या! त्यांना खेळू द्या!” नाही खेळू दिलं. २००२ मध्ये, मुलं साठीच्या उंबरठ्यावर आल्यावर, राज्य विजेतेपदाचा फलक त्यांना दिला.

ती मुलं कुठल्या बाकावर बसली असतील, ते मी शोधत होते. बाकं तीच नसतील, जमीन मात्र तीच आहे. चौकोनाची प्रत्येक बाजू मुलाच्या पावलाला जुळवून आखलेली, आणि त्याच चौकोनाच्या कडेला मुलांना बसवून ठेवलेलं. माप बरोबर होतं. मूल म्हणून कुणाला मोजायचं, तिथे मोजणी चुकली होती. मला हे लिहितानाही घशाशी येतं.

याच मैदानावर दोन वर्षांनी, १९५७ मध्ये, मेक्सिकोच्या माँतेरेची मुलं आली. सीमा ओलांडून ती पायी चालत टेक्सासमध्ये शिरली होती, थोड्या दिवसांच्या तयारीने. एकामागून एक सामने जिंकत गेली, आणि अंतिम सामन्यात बारा वर्षांच्या आन्हेल मासियासने कॅलिफोर्नियाच्या ला मेसा संघाच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोहोचू दिलं नाही. ४-० ने जिंकले. अमेरिकेबाहेरचा हा पहिला विजेता संघ. त्यानंतर इतक्या वर्षांत अंतिम सामन्यात असं कुणाला जमलेलं नाही.

१९५९ मध्ये स्पर्धा नदीपलीकडे, साउथ विल्यम्सपोर्टला गेली. नव्या स्टेडियमची जमीन लॅमडी कुटुंबाने दिली. ते ‘ग्रिट’ या साप्ताहिकाचे मालक, आणि हे साप्ताहिक खेडोपाडी पोहोचायचं ते शाळकरी पोरांच्या हातून. पोरं घरोघर विकायची. त्या पैशांतून मुलांना मैदान मिळालं, हे मला न्याय्य वाटतं. स्टॉट्झ मात्र अलीकडेच राहिला. जुन्या मैदानावर जुन्या नियमांनी त्याची गावातल्या मुलांची लीग सुरूच होती. १९९२ मध्ये तो गेला. त्याच्यामागेही लीग खेळत राहिली. कोर्टातल्या वादात कुणाची बाजू किती खरी, ते वकिलांनी सांगावं. संस्था जगभर गेली नसती तर माझ्या लेकीच्या गावात लीग आली नसती, हे मला कळतं. तरीही माझं मन त्या अलीकडच्या काठावर राहिलेल्या माणसापाशी आहे.

पलीकडचं स्टेडियम सुंदर आहे, हेही सांगायला हवं. कुंपण २२५ फुटांवर, त्याच्या मागे गवताळ टेकडी. सामने बघायला तिकीट नाही. टेकडीवर मुलं खोक्याचे पुठ्ठे घेऊन घसरतात, वर जातात, पुन्हा घसरतात. सामना चालू असतानाही. लेकीने अख्खी दुपार तेच केलं. जपानच्या नाहीतर कॅरिबियन बेटांवरच्या मुलांबरोबर, एका शब्दाची भाषा सामाईक नसताना. मी गवतावर बसून युगांडाच्या मुलांचा विचार करत होते. २०११ मध्ये त्यांचा संघ पात्र ठरला आणि व्हिसा मिळाला नाही. २०१२ मध्ये दुसरा युगांडाचा संघ आला, आफ्रिकेतून आलेला पहिलाच. वकिलातीच्या रांगेत कागद छातीशी धरून मीही उभी राहिले आहे. पण तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते, बारा नव्हे.

परतताना लेकीने विचारलं, “मुली केव्हापासून?”

हा प्रश्न तिचा होता, कारण तिला उत्तराची गरज होती. त्याच मोसमात एका मोठ्या माणसाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता ती मोठी होतेय, तिला सॉफ्टबॉलला टाका, तिथे रमेल. सॉफ्टबॉल मला प्राणप्रिय आहे. पण तो मी निवडला होता. तिने हा निवडला.

म्हणून गाडीत सांगितलं. १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंगमध्ये कॅथरीन जॉन्स्टन नावाच्या मुलीने वेण्या कापून घेतल्या, ‘टबी’ असं मुलाचं नाव लावलं आणि संघात जागा मिळवली. तिचा संघही एका डेअरीचाच होता. निवड झाल्यावर तिने खरं सांगितलं, तर त्यांनी तिला ठेवून घेतलं. पण पुढच्याच वर्षी नियम आला की मुली चालणार नाहीत. तो नियम वीस वर्षांहून जास्त टिकला. १९७२ मध्ये आपल्याच न्यू जर्सीत, होबोकनमध्ये, मारिया पेपे ही बारा वर्षांची मुलगी संघात आली. तीन सामन्यांत तिने चेंडू टाकला. मग वरून दम आला की मुलीला काढा, नाहीतर गावच्या लीगची मान्यता जाईल. तिला गणवेश परत करावा लागला. महिला संघटनेने तक्रार नेली. राज्याच्या नागरी हक्क विभागाच्या सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी १९७३ मध्ये मुलींच्या बाजूने निकाल दिला, १९७४ मध्ये तो वरच्या कोर्टातही टिकला आणि लीगने देशभर मुलींना दार उघडलं.

“आणि मारिया?”

“तोवर तिचं वय निघून गेलं होतं.”

लेक बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. नंतर म्हणाली की तिला एकदा होबोकनला जायचंय. आम्ही गेलो. बेसबॉलच्या इतिहासात होबोकन आधीपासूनच आहे. १९ जून १८४६ रोजी इथल्या इलिझियन फील्ड्सवर निकरबॉकर क्लब आणि न्यूयॉर्क नाइन यांचा गाजलेला सामना झाला, निकरबॉकर २३-१ ने हरले. ते मैदान आता नाही. रस्ते आले, कारखाना आला, इमारती आल्या. चौकात एक पाटी आहे. लेकीने पाटी वाचली, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, “होम कुठे असेल?” मी सांगू शकले नाही. ती फुटपाथवर एका जागी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “इथे धरू.”

आमच्या मैदानाला मात्र पाटी नाही. आजोबा सांगतात, ही जमीन बटाट्याची होती. मध्य न्यू जर्सीत एकेकाळी बटाट्याचीच शेतं. गावाने जमीन घेतली, बापांनी आपापले ट्रॅक्टर आणून सपाट केली. पण तिसऱ्या बेसच्या मागचा कोपरा अजून खोलगट आहे. पाऊस पडला की तिथे पाणी साचतं. मग आम्ही बादल्या, स्पंज, भाजलेल्या मातीचे दाणे घेऊन तिथे ओणवे होतो. दाणे पाणी पितात, दंताळ्याने ओढायचं, पुन्हा दाणे. जाळी ओढून माती सारखी करायची. दोन तासांत सामना उभा राहतो. काळ्या मातीतल्या माणसाला हे काम शिकवावं लागत नाही.

रविवारी दुपारी सामने नसतात तेव्हा आउटफील्डच्या, म्हणजे बेसपलीकडच्या, गवतावर आपली माणसं टेनिसच्या चेंडूने क्रिकेट खेळतात. मराठी, तेलुगू, गुजराती, पंजाबी. यावरून गावच्या सभेत दोन वर्षं तणातणी झाली. गवत झिजतं, एकाच जागी खड्डा पडतो, हे लीगवाल्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. आम्हीही कर भरतो, हे क्रिकेटवाल्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मी दोन्हीकडची असल्यामुळे दोन्हीकडून बोलणी खाल्ली. सभेत शेवटी आजोबा उठले. म्हणाले, हे शेत होतं तेव्हाही इथे पाळीपाळीने पिकं घेत. आता क्रिकेटवाले खेळपट्टीसाठी कोपऱ्यात चटई अंथरतात आणि मार्चच्या शेवटी कुंपण रंगवायला येतात. लेकीच्या संघातल्या दोन मुलांना चेंडू हवेत वळवायला एका कोल्हापूरच्या काकांनी शिकवलं.

गेल्या जूनमध्ये लेक या मैदानावरचा शेवटचा सामना खेळली. वयाची बारा पूर्ण. शेवटच्या, सहाव्या डावात तिने तिसऱ्या बेसवरून पहिल्याकडे चेंडू फेकला, टप्पा न पडता, छातीच्या उंचीवर. धावणारा अर्ध्या पावलाने बाद. स्टॉट्झने वर्तमानपत्रं सरकवली होती ती बहुतेक याच क्षणासाठी. सामना संपल्यावर ती होमवर उभी राहून पहिल्या बेसकडे बघत म्हणाली, “आई, हे आखूड झालंय का?”

झालं नव्हतं. आखूड झालेला फ्रॉक बाजूला काढून ठेवताना वाटतं, तसं मला वाटलं.

या एप्रिलमध्ये आजोबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती. ते डगआउटमध्ये खुर्ची टाकून बसले, मांडीवर पांघरूण, हातात थर्मास. लेक आता पलीकडच्या मोठ्या मैदानावर खेळते, तिथे तिचा फेकलेला चेंडू पुन्हा वाटेत टप्पा घेतो. त्या दिवशी मात्र ती माझ्याबरोबर आली होती. आजोबांनी रीळ तिच्या हातात दिलं. मी ओल्या मातीत गुडघे टेकले, शून्य टोकाला लावला. ती उलटी चालत गेली, चेंडू टाकणाऱ्याच्या उंचवट्यावरून, दुसऱ्या बेसकडे, पट्टी ताणत. छोट्या मुलांच्या गाड्या बाहेर थांबायला लागल्या होत्या. दारं आपटल्याचे आवाज येत होते.

कर्णाच्या टोकाशी ती वाकली, आकडा बघितला, पुन्हा बघितला.

“आई, शून्य हललाय.”

मी खाली बघितलं. अर्धा इंच. पुन्हा टोकाला लावला आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरला.